खाली उतरवताना

नांदेड-हिंगोलीकडे कऱ्हाळे हे आडनाव गावोगावी ऐकू येते. काही वर्षांपूर्वी या आडनावाच्या एका घरातील लग्नपत्रिका माझ्याकडे आली. तीत आडनाव ‘क-हाळे’ असे छापले होते. आधी क, मग एक आडवी रेघ, मग हाळे. पहिल्या वाचनात मला काहीच खटकले नाही. डोळ्याने रेघ पाहिली आणि मनाने तिचा अर्धा र करून घेतला. पण सगळे आयुष्य मुलांच्या वह्या तपासण्यात गेलेले. दुसऱ्या वाचनात ती रेघ सलू लागली. पत्रिका नांदेडच्याच एका छापखान्यातून निघाली होती आणि मालक ओळखीचे होते. एकदा तिकडून जाताना सहज विचारले.

ते हसले. “सर, तो र आमच्या कळफलकावर चटकन सापडत नाही. रेघ मारली की काम भागतं. इतक्या वर्षांत कुणी तक्रार केली नाही बघा. तुम्हीच पहिले.”

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पापणीच्या केसासारखे दिसणारे र चे हे रूप हिंदीला लागत नाही. आपल्याला लागते, कारण आपण दर्या आणि दऱ्या यांत भेद करतो. आचार्यांची दक्षिणा आचाऱ्यांच्या हाती पडली तर घरात भांडण होईल. रेघ मारणाऱ्या जुळाऱ्याने हा भेद राखला होता. डोक्यावर रफार देऊन त्याने ‘कर्हाळे’ केले असते तर ते उघड चुकले असते. जे अक्षर हाताशी नाही त्याच्या जागी त्याच्या तोंडवळ्याचे दुसरे काहीतरी उभे करणे, ही त्याची युक्ती होती. आणि माणसाच्या डोळ्यापुरती ती पुरेशी होती.

यंत्राला ती पुरत नाही. संगणकाच्या लेखी रेघ म्हणजे रेघच, आणि ‘क-हाळे’ म्हणजे एका रेघेने तोडलेले दोन तुकडे. मराठी वर्तमानपत्रांच्या जुन्या संगणकीय पानांवर ‘दुस-या’, ‘त-हा’, ‘व-हाड’ असे शब्द जागोजाग विखुरलेले आहेत. ‘वऱ्हाड’ म्हणून शोधू जाल तर ते हाती लागत नाहीत. बरे, मागाहून दुरुस्ती करू म्हटले तर प्रत्येक रेघेपाशी थांबून तिची जात विचारावी लागते. ‘ने-आण’मधली रेघ ही रेघ आहे, ‘दुस-या’मधली रेघ हा र आहे. ज्याने मारली त्याला हे ठाऊक होते. त्याने ते कोठे लिहून ठेवले नाही.

तेव्हापासून ‘खाली उतरवणे’ या क्रियेविषयी मी विचार करू लागलो. आपण वहीत धडा उतरवून घेतो, माळ्यावरचे सामान उतरवतो, लेकराची दृष्ट उतरवतो. मला येथे अभिप्रेत असलेले उतरवणे थोडे निराळे आहे. एखादी गोष्ट नव्या, भरल्या भाषेत लिहिली जाते. पण ज्याला ती वाचायची आहे त्याच्यापाशी जुने, तोकडे साधन असते. मग मधला कोणीतरी ती त्या साधनाला पेलेल अशा रूपात आणतो. यात लबाडी नाही, झाला तर उपकारच आहे. तरीही या उपकारात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि तो मला वाटला होता त्यापेक्षा अवघड निघाला.

आधी छापखान्याचेच पाहू. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ साली मानक म्हणून मान्य झाली. जगातील सर्व लिप्यांना एका सारणीत बसवणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच. पण छापखान्यांत रुळले ते यांपैकी एकही नाही. तेथे रुळले ते निरनिराळ्या व्यावसायिकांचे आपापले फॉन्ट. त्यांत इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असते. फॉन्ट काढून घ्या, की खाली अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग उरते. आज गिऱ्हाईक आपला मजकूर फोनवरून युनिकोडात पाठवते, आणि छापखान्यातला मुलगा तो एका छोट्या साधनाने जुन्या फॉन्टात उतरवून घेतो. या उतरंडीवरून काही ना काही सांडतेच. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ साली. जुन्या फॉन्टाला ते कोठून माहीत असणार? तेथे ‘अ’वर चंद्र चढवून वेळ भागवावी लागते. रुपयाचे चिन्ह २०१० चे. त्याच्या जागी कित्येकदा चौकोन उमटतो, नाहीतर काहीच उमटत नाही.

मी मालकांना म्हटले, “मग नवे का घेत नाही?” ते म्हणाले, “सर, पंचवीस वर्षांचं काम ह्यात पडून आहे. पत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांची गॅदरिंगची पुस्तकं. नवीन घेतलं की हे सगळं मुकं होतंय. बापाच्या पत्रिकेचा मजकूर काढून पोराची पत्रिका करतो आम्ही.”

जुने साधन वापरणारा माणूस मागासलेला असतो, आळशी असतो, असे आपण फार लवकर ठरवतो. पुष्कळदा त्याने त्या साधनात आपली पुंजी घातलेली असते. आपण त्याला नवे घेण्याचा उपदेश करतो, तेव्हा ती पुंजी सोडून देण्याचा उपदेश करत असतो, आणि भरपाईची गोष्ट काढत नाही. तेव्हा जुन्यासाठी उतरवून देणे हा वरच्यांनी खालच्यांवर केलेला अनुग्रह नव्हे. ती एक साधी देवघेव आहे. येथवर माझ्या मनात गोंधळ नव्हता. गोंधळ पुढे सुरू झाला.

मराठवाड्यात हा प्रश्न संगणकाने आणलेला नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि कचेरीची भाषा उर्दू होती. शेतकरी मराठीत बोले. अर्ज उर्दूत लिहिला जाई. मध्ये अर्जनवीस बसलेला असे. उर्दू ही समृद्ध भाषा आहे, तिला तोकडी म्हणण्याचे पाप मी करणार नाही. पण कोणतीही लिपी दुसऱ्याच्या नावापुढे तोकडी पडू शकते. उर्दूत ळ नाही, ण नाही. ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत. काळे तेथे ‘काले’ होतो, आणि कऱ्हाळ्यांचा ‘करहाले’. मोडीतही ऱ्हस्व-दीर्घाचा काटेकोरपणा नव्हता, पण मोडी वाचणारा निदान मराठी असे. उर्दूत उतरलेले नाव पुन्हा देवनागरीत चढवू गेले तर एका नोंदीतून दोन नावे निघू शकतात: काळे आणि काले. दोन्ही आपल्याकडे आहेत. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यात निजामकालीन नोंदी तपासायला घेतल्या, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची एकाएकी गरज पडली. नोंद आपल्या आजोबांची की दुसऱ्या कोणाच्या, यावर नातवाचे प्रमाणपत्र ठरणार, आणि ते सारे एका ळ वर येऊन ठेपलेले! ज्याने ती नोंद लिहिली त्याने काही अपराध केला नव्हता. त्याच्या लिपीत जे बसले ते त्याने लिहिले.

पण एक गोष्ट त्या काळच्या कागदांत होती, तिचे मला फार मोल वाटते. दस्ताच्या शेवटी ‘वाचून दाखविले, कबूल आहे’ अशा अर्थाची ओळ घालून मग अंगठा घेण्याची रीत होती. ती ओळ कित्येकदा नुसती उपचाराची असेल. न वाचताच अंगठे घेतले गेले असतील, हेही उघड आहे. तरी त्या रीतीत एक जाणीव होती. ज्याच्यासाठी उतरवले, त्याला आपण काय उतरवले हे तपासता येत नाही. म्हणून ते त्याच्या भाषेत त्याला परत ऐकवले पाहिजे.

माझा भाचा पुण्यात संगणकाचे काम करतो आणि दिवाळीला नांदेडला येतो. त्याला मी रेघेची हकीकत सांगितली, तेव्हा तो म्हणाला, “मामा, मी दिवसभर हेच करतो. तुमचे छापखानेवाले अक्षरं उतरवतात, मी सूचना उतरवतो.”

त्याच्या कामाचे नाव एक्सएसएलटी. नावाने दचकण्याचे कारण नाही. मजकूर एकीकडे ठेवायचा, त्यातील प्रत्येक भागाला हे नाव, हे गाव, ही तारीख अशी चिठ्ठी लावायची, आणि तो कागदावर कसा मांडावा याच्या सूचना दुसरीकडे लिहायच्या. त्या सूचनांची ही भाषा. तिची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९९९ ची, दुसरी जानेवारी २००७ ची, तिसरी जून २०१७ ची. भाषा अशी वाढत गेली, पण आपण ज्यातून महाजालाची पाने पाहतो ते ब्राउझर पहिल्या आवृत्तीपाशीच थांबले. मायकेल के या गृहस्थांनी केलेले सॅक्सन नावाचे साधन नव्या आवृत्त्या जाणते. परंतु ते जेथे बसवता येत नाही, जेथे फक्त जुना ब्राउझर आहे, तेथे नव्या भाषेत लिहिलेले जुन्या भाषेत उतरवून द्यावे लागते. काही कंपायलरने, काही हाताने.

“उतरवणं म्हणजे नेमकं काय करतोस?” मी विचारले. त्याने समोरच्या मेजावरच्या भेटकार्डांचा गठ्ठा घेऊन जे समजावले, ते मी लातूरच्या आडत बाजाराच्या भाषेत सांगतो, कारण मला ते तसेच कळले.

आडतीवर दिवसभर पट्ट्या फाटतात. आलेला माल जसा आला तसा रोजकीर्दीत लागतो: औशाची तूर, मग निलंग्याचे सोयाबीन, मग पुन्हा औशाचे. संध्याकाळी मुनीम खतावणी करतो, म्हणजे औशाच्या पट्ट्या एका जागी, निलंग्याच्या एका जागी. नव्या आवृत्तीला खतावणी येते. ‘गावनिहाय गट कर’ एवढी एक सूचना पुरे. पहिल्या आवृत्तीत खतावणीच नाही. तेथे मुनिमाने काय करावे? त्याने गावांची एक सूची करून ठेवावी. मग रोजकीर्दीतील प्रत्येक पट्टी हातात घेऊन तिला विचारावे: सूचीत तुझ्या गावाच्या नावापुढे पहिली लागलेली पट्टी तूच का? तूच असशील तर गावाचे नाव लिही आणि त्या गावच्या साऱ्या पट्ट्या खाली ओढ. नसशील तर गप्प पुढे जा. तुझे काम तुझ्या थोरल्या भावाने आधीच केले आहे. ही तोड ओरॅकलमध्ये काम करणाऱ्या स्टीव्ह म्युंच यांची म्हणून प्रसिद्ध आहे आणि त्यांच्याच नावाने ओळखली जाते. या धंद्यातल्या एका पिढीने ती पाठ केली. एका ओळीच्या जागी दहा ओळी होतात, पण मालाचा दाणाही सांडत नाही.

खाली उतरवलेले लांबते, हा नियमच दिसतो. गीतेचे सातशे श्लोक ज्ञानेश्वरीत सुमारे नऊ हजार ओव्या झाले. ही तुलना फार पुढे नेऊ नये, कारण ज्ञानेश्वरांनी गीता खाली आणली की मराठी वर नेली, याचा निवाडा करायला माझ्यापेक्षा मोठी माणसे हवीत. मला एवढेच म्हणायचे आहे की लांबी ही प्रामाणिकपणाची एक किंमत असते. उतरवलेले फार आटोपशीर दिसले की मला संशय येतो.

भाच्याने सांगितलेली दुसरी गोष्ट मला अधिक आवडली होती. पुढे ही भाषा वाढेल आणि जुन्या यंत्रासमोर अनोळखी सूचना येतील, हे १९९९ च्या कर्त्यांनी आधीच ओळखले होते. म्हणून त्यांनी लिहून ठेवले, की सूचनापत्र पुढच्या आवृत्तीचे आहे असे दिसले तर जुन्या यंत्राने लगेच अडून बसू नये. अनोळखी सूचनेच्या पोटात ‘हे जमत नसेल तर असे कर’ असा पर्याय दिला असेल तर तो करावा. पर्याय नसेल आणि ती सूचना पाळण्याची वेळच आली, तर चूक झाल्याचे सांगावे. एखाद्या सूचनेला अनोळखी शेपूट जोडलेले असेल तर ते सोडून द्यावे आणि बाकीचे काम करावे. अजून न जन्मलेल्याविषयी जुन्याने दाखवलेला हा विनय पाहून मी भारावलो. या विनयाचे दुसरे टोक मला २०२३ साली दिसले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप लातूरकडच्या माणसाला आठवून द्यावा लागत नाही. अनंत चतुर्दशीची विसर्जने आटोपून माणसे झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. मातीदगडाच्या जाड भिंती अंगावर आल्या. त्याला तीस वर्षे होत असताना औसा तालुक्यातील एका गावच्या तरुणांनी गावातील मृतांच्या नावांची पुस्तिका काढायचे ठरवले. माझा एक जुना विद्यार्थी त्यांत होता, म्हणून मुद्रिते तपासण्याचे काम माझ्याकडे आले, आणि मी भाच्याला ओढले. पुस्तिका छापून येण्याआधी नावे गावाने पाहावीत म्हणून ती वाचनालयातील संगणकावर ठेवायची होती. तो संगणक जुना होता, त्याला महाजालाची जोडणी नव्हती, आणि त्यावर नवे काही बसवू नका असे वाचनालयाने बजावले होते. होता तो एक जुना ब्राउझर.

भाच्याने सूचना नव्या आवृत्तीत लिहिल्या. जुन्या ब्राउझरची त्याला आठवण होती. गल्लीवार गट करण्याच्या सूचनेच्या पोटात त्याने म्युंचची तोड पर्याय म्हणून घातली, आणि ती चोख चालली. पुण्यात आपल्या यंत्रावर त्याने सारे पाहिले, सगळे ठीक दिसले. फाइल गावी गेली. तेथेही पान उघडले. गल्ल्या आल्या, घरे आली, घरापुढे नाव आले, तळाशी एकूण आकडा आला. कोठे चूक झाल्याची अक्षरभरही सूचना नाही. तरुणांनी पाने पाहिली, छान झाले म्हणाले. दोन दिवस ती तशीच होती.

तिसऱ्या दिवशी एक म्हाताऱ्या बाई वाचनालयात आल्या. मी त्या वेळी तेथे होतो. त्यांना वाचता येत नव्हते. त्या माझ्या विद्यार्थ्याला म्हणाल्या, “बाबा, माझ्या लेकीचं नाव कुठं हाय? मला निस्तं बोट ठिवून दाव.” त्याने घर काढले. घरापुढे त्या बाईंच्या सासऱ्यांचे नाव होते. बस्स. त्याने वर पाहिले, खाली पाहिले, शेजारचे घर पाहिले. तेथेही एकच नाव. प्रत्येक घरापुढे एकच नाव होते, आणि ते बहुतेक कर्त्या पुरुषाचे होते. तळाचा आकडा बरोबर होता. नावे त्याच्या निम्मीही नव्हती.

झाले होते ते असे. नव्या आवृत्तीत यादीकडे बोट दाखवून ‘हे लिही’ म्हटले, की यंत्र सगळी यादी लिहिते. मध्ये स्वल्पविराम टाक असे शेपूटही त्या सूचनेला जोडता येते. पहिल्या आवृत्तीत ‘हे लिही’ ही सूचना शब्दशः तीच आहे, पण यादीतील पहिले नाव लिहून यंत्र थांबते. स्वल्पविरामाचे शेपूट त्याच्या ओळखीचे नव्हते. नेमून दिलेल्या विनयाप्रमाणे त्याने ते सोडून दिले. मोजण्याची सूचना मात्र दोन्ही आवृत्त्यांत सारखीच, म्हणून आकडा खरा आला. अवघड जागी भाचा जपून चालला होता. घसरला तो सपाट जमिनीवर.

त्या रात्री भाच्याशी फोनवर बोललो. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मामा, यंत्रानं चूक दाखवली असती तर बरं झालं असतं.” मी त्याला धीर द्यायला हवा होता. त्याऐवजी मी म्हणालो, “यंत्राने नियम पाळला. तू वाचून दाखवले नाहीस.” हे बोलणे कठोर होते, आणि ते मला पुढे बोचले, पण ते खोटे होते असे आजही वाटत नाही.

यंत्राने पक्षपात केला असेही म्हणता येत नाही. त्याने पहिले नाव घेतले, एवढेच. पहिले नाव थोरल्या पुरुषाचे असावे हा आमचा रिवाज. घराची नोंद करताना लेकीसुनांची नावे शेवटी लिहायची, आणि जागा पुरली नाही तर शेवटचे गाळायचे, हे आम्ही पूर्वीपासून करत आलो आहोत. गळतीला नेहमी एक उतार असतो, आणि पाणी कोणाच्या दारात साचणार हे आधीच ठरलेले असते.

तर माझा गोंधळ हा आहे. उतरवणाऱ्यापुढे जेव्हा असे काही येते की जे खालच्या साधनात बसत नाही, तेव्हा तो तीन प्रकारे वागू शकतो. वळसा घालून, दहा ओळी खर्चून, ते बसवतो. किंवा हे बसत नाही असे सांगून हात जोडतो. किंवा गुपचूप सोडून देतो. पहिले सर्वांत चांगले यात वाद नाही. दुसऱ्याला आपण नाके मुरडतो. अडून बसणारा माणूस कोणाला आवडतो? तिसरा मात्र सर्वांना गोड वाटतो, कारण काम झालेले दिसते. पान उघडले, पत्रिका छापली गेली, अर्ज दाखल झाला. उतरवलेल्या वस्तूचे दुर्दैव असे की ज्याला तिची गरज आहे त्याला मूळ वस्तू वाचता येत नाही, आणि ज्याला मूळ वाचता येते तो उतरवलेली पाहायला येतच नाही. पुण्यात सगळी नावे होती. गावात गळालेली होती. पुण्यातला माणूस गावाचे पान पाहत नव्हता, आणि गावाला पुण्याचे पान ठाऊक नव्हते. या दोहोंच्या मध्ये उभा असलेला एकटा माणूस काय ते जाणतो, आणि त्याने गप्प राहायचे ठरवले, किंवा त्याला स्वतःलाच कळले नाही, तर विचारणारे कोणी उरत नाही. वाचनालयात त्या बाई आल्या हा योगायोग. आणि पाहा, वाचता येणाऱ्या आम्हा सर्वांना पान पुरे वाटले होते.

या दृष्टीने मी छापखान्याच्या रेघेचाही पुन्हा विचार केला. पूर्वी मला ती फसवणूक वाटत होती. आता वाटते, ती मधली गोष्ट आहे. तिने डोळ्याला काही लपवले नाही. उलट येथे काहीतरी होते अशी खूण ठेवली. ‘कर्हाळे’ लिहिणाऱ्यापेक्षा, किंवा र गाळून ‘कहाळे’ लिहिणाऱ्यापेक्षा ती रेघ अधिक सत्यनिष्ठ आहे. तिचा दोष एवढाच, की ती उद्याच्या वाचकाचा विचार करत नाही. आजचा मराठी माणूस ती भरून काढतो. उद्या तिच्यावरून शोध घेणारे यंत्र, किंवा मराठी न जाणणारा कारकून, ती भरून काढणार नाही. उर्दूतील ‘काले’चे तेच झाले.

भाच्याचा एक सहकारी या साऱ्यावर हसतो म्हणे. त्याचे म्हणणे, जुन्यासाठी उतरवत बसलात म्हणून जुने जगते. उतरवणे बंद करा, लोक आपोआप नवे घेतील. या युक्तिवादात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. उतरवणाऱ्याची मेहनत कोणी मोजत नाही, आणि त्या मेहनतीवर इतरांचा आळसही पोसला जातो. २०२५ साली क्रोम ब्राउझरच्या कर्त्यांनी एक्सएसएलटीची ती पहिल्या आवृत्तीची सोयही काढून टाकण्याचा बेत जाहीर केला. सुरक्षिततेचे कारण दिले, आणि ते कारण खरे आहे. जुने, फारसे कोणी न पाहणारे यंत्र म्हणजे चोराला उघडी खिडकीच. पण तो सहकारी म्हणतो तसे ‘लोक आपोआप नवे घेतील’ यातील ‘आपोआप’ हा शब्द मला मान्य नाही. उतरवणे बंद केल्याने किंमत संपत नाही. ती पुण्याच्या अंगावरून उठून औशाच्या अंगावर बसते. बसवायची असेल तर बसवावी, पण ‘आपोआप’ म्हणू नये.

भाच्याने दुसऱ्याच दिवशी सूचना बदलल्या. ‘यादी लिही’ ऐवजी ‘यादीतील एकेक नाव घे, लिही, शेवटचे नसेल तर स्वल्पविराम टाक’ असे केले. हे दोन्ही आवृत्त्यांत सारखेच चालते. शिवाय त्याने दोन मोजण्या घातल्या. एक मूळ यादीतील नावांची, दुसरी पानावर प्रत्यक्ष उमटलेल्या नावांची. दुसरी मोजणी पान तयार झाल्यावर त्यावरूनच व्हायची, त्यामुळे तिला मूळ यादीची उसनवारी करता येत नव्हती. दोन्ही जुळल्या नाहीत तर पानाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत ‘ही यादी अपुरी आहे’ असे उमटावे. ते काम त्याला मूळ कामाच्या दुप्पट लागले. मी त्याला म्हटले, ही तुझी ‘वाचून दाखविले’ची ओळ. त्याला ते आवडले नाही, तो म्हणाला, “मामा, तुम्ही प्रत्येक गोष्टीला जुन्यात नेऊन बसवता.” मीही उतरवतोच तर!

नावे पुरी झाल्यावर पुस्तिका लातूरच्या एका छापखान्यात गेली. तेथे जुनाच फॉन्ट होता. प्रूफ आले तेव्हा तीन ठिकाणी अर्ध्या र च्या जागी रेघ होती. मी तिन्हींवर खूण करून प्रूफ परत पाठवले. दुसऱ्या प्रूफात दोन दुरुस्त झाल्या होत्या. तिसरी त्या बाईंच्या लेकीच्या नावाशेजारची होती. तेथे र घातला की ओळ फुटते आणि पुढचे सारे पान खाली सरकते, तेव्हा ही एक राहू द्या, उद्या कार्यक्रम आहे, असा मालकांचा निरोप होता. ते अडवून धरत नव्हते, विनंती करत होते. रात्री जागून त्यांनी काम केले होते. माझा विद्यार्थीही म्हणाला, “राहू द्या सर. त्यांना कुठं वाचता येतंय?”

मी ओळ फोडायला सांगितले. कार्यक्रम ३० सप्टेंबरला झाला. पुस्तिका १ ऑक्टोबरला आली.